संकटात देवाला हाक मारताना: करुणापर अभंग, गाऱ्हाणं, स्तोत्रं आणि होणाऱ्या चुका

शिवडीकर | रविवार, रात्री ९:१०

आपल्याकडे आनंदाची उपासना सगळ्यांना पाठ असते. आरत्या, सत्यनारायण, अथर्वशीर्षाची आवर्तनं. पण घरातलं माणूस टाटाला किंवा केईएमला दाखल झालं, नोकरी गेली, कर्जवाले दारात येऊ लागले, की हात जोडल्यावर तोंडातून शब्दच फुटत नाही. मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं, अर्थ न कळणारं काहीतरी एकशे आठ वेळा म्हणत बसायचं. हे बरोबर वाटत नाही. संकटात देवाला हाक मारायची मराठीत मोठी परंपरा आहे आणि तिची रीत शिकता येते.

गीतेच्या सातव्या अध्यायात (७.१६) भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. पीडेने धावा करणाऱ्याचं नाव त्यात पहिलं आहे. त्याच्या पुढच्याच श्लोकांत ज्ञानी विशेष प्रिय म्हटलाय, पण चौघांनाही ‘उदार’ म्हटलंय. म्हणजे अडचणीत सापडल्यावरच देव आठवला म्हणून लाजायचं कारण नाही.

मुद्दा असा की दुःखाची जात ओळखून शब्द निवडावे लागतात. पश्चात्तापाने पोळलेल्या माणसाला लागतात ते शब्द वेगळे, अन्याय सोसणाऱ्याला लागतात ते वेगळे. चुकीचं स्तोत्र हातात आलं तर माणूस आणखी खचतो. जाणकारांनी आपापल्या परंपरेतलं सविस्तर लिहावं: काय म्हणायचं, कसं, किती, आणि काय टाळायचं. अनुभवकथा नकोत, त्यांचा धागा वेगळा आहे.

---

टाळकरी | रविवार, रात्री ९:५२

वारकरी भजनात यांना ‘करुणापर अभंग’ म्हणतात. गाथेच्या बऱ्याच छापील प्रतींत ते एका ठिकाणी सापडत नाहीत, म्हणून नवख्या माणसाने गाथा उघडून सुरुवातीपासून वाचायला बसू नये. तीन अभंग निवडावेत, तेवढेच महिनाभर म्हणावेत.

निवडताना हे लक्षात ठेवा.

अन्याय होत असेल तर चोखोबा. ‘धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद । बडवे मज मारिती ऐसा कांहीं तरी अपराध ॥’ यात काय आहे पाहा. हाक आहे, लवकर ये म्हणून सांगणं आहे आणि मारतंय कोण तेही नावानिशी आहे. पुढच्या कडव्यात आरोप काय तोही सांगितलाय, की विठोबाच्या गळ्यातला हार तुझ्याकडे कसा आला. पोलिसात तक्रार लिहावी इतकं नेमकं. ‘देवा, सगळं नीट कर’ असं मोघम मागणं चोखोबा करत नाहीत.

एकटेपणा आणि तळमळ असेल तर तुकोबांचा ‘कन्या सासुऱ्यासी जाये’. चार कडव्यांचा लहानसा अभंग आहे. त्यात मागणं एकच आहे, भेट. काही मागावं इतकंही बळ नसतं तेव्हा हा चालतो.

राग आला असेल तर जनाबाई. तिने विठोबाला ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ असं सुनावलंय, पुढे त्याहून कडक शब्द आहेत. देवावर रागावणं पाप आहे असं ज्यांच्या मनात बसलंय त्यांनी हा अभंग जरूर वाचावा. रागावते तीच जनी त्याला दुसरीकडे ‘विठाबाई, माझे पंढरीचे आई’ म्हणते.

म्हणायची पद्धत: मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं ६, ६, ६, ४. चौथा चरण आखूड असतो आणि तिथेच श्वास सोडायचा. घाई झाली की लोक चौथा चरण पुढच्या कडव्याला जोडून टाकतात, मग दम लागतो आणि अर्थही तुटतो. छोट्या अभंगात ८-८. टाळ नसेल तर मांडीवर हळू ठेका धरा. चाल येत नसेल तर वाचा, काही बिघडत नाही. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद (पालुपदाची ओळ) परत घ्यायचं. रडू आलं, आवाज अडकला की ध्रुपदावर परतायचं, तेवढ्यासाठीही त्याचा उपयोग होतो.

---

चाफेकळी | रविवार, रात्री १०:३०

करुणाष्टकांबद्दल लिहिते. समर्थांची ‘अनुदिनीं अनुतापें’ मालिनी वृत्तात आहेत. चरणात १५ अक्षरं, आठव्या अक्षरावर यती (थांबा): ‘अनुदिनिं अनुतापें’ (८) ‘तापलों रामराया’ (७). ‘नि’ लेखनात दीर्घ दिसला तरी म्हणताना ऱ्हस्व घ्यायचा. आठव्या अक्षरावर किंचित थांबा, पंधराव्यावर पूर्ण श्वास. असं म्हटलं तर चार चरणांचं एक कडवं साधारण पाऊण मिनिटात होतं. शाळेत परवचा म्हणावा तसं धाडधाड म्हटलं की पंधरा-वीस सेकंदांत संपतं, पण छाती भरून येते आणि घाबरलेल्या माणसाची धडधड वाढते.

आता शिवडीकरांच्या मुद्द्याशी जोडून. करुणाष्टकांचा गाभा अनुताप, म्हणजे पश्चात्ताप, आहे. जन्म वाया गेला, भजन घडलं नाही, स्वार्थ केला, असं कबुली देणं कडव्यामागून कडव्यात येतं. माणसाच्या हातून खरंच काही घडलंय आणि ते सलतंय, अशा वेळी यासारखं औषध नाही. पण ज्या बाईचं मूल गेलंय, जी आधीच ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणून स्वतःला कोसतेय, तिच्या हातात हे संपूर्ण देऊ नये. तिला फक्त ‘तुजविण शिण होतो धांव रे धांव आतां’ हा एक चरण द्यावा. यात थकवा आहे, हाक आहे, दोष कुठेही नाही.

दत्तसंप्रदायात टेंबेस्वामींची करुणात्रिपदी आहे. तीन पदं, एकापाठोपाठ म्हणायची. त्यातलं दुसरं पद (‘श्रीगुरुदत्ता जय भगवंता’) मला रचनेच्या दृष्टीने फार मोलाचं वाटतं, कारण त्यात देवाला त्याच्याच जुन्या कामांची आठवण करून दिलीय. चोरांनी ब्राह्मणाला मारलं तेव्हा तुझं मन कळवळलं, पोटशुळाने कुणी तडफडत होता तेव्हा कळवळलं, ते आता कळवळो. सगळे दाखले गुरुचरित्रातले. ते प्रसंग ठाऊक नसतील तर पद कोरडं वाटतं, म्हणून आधी एकदा समजून घ्यावेत.

भीतीसाठी त्यांचंच घोरकष्टोद्धारण स्तोत्र. पाच श्लोक, संस्कृत, प्रत्येकाच्या शेवटी ‘घोरात्कष्टादुद्धरास्मान्नमस्ते’. ‘अस्मान्’ म्हणजे आम्हाला, म्हणून रुग्णाच्या उशाशी बसून सगळ्यांच्या वतीने म्हणता येतं. ते ‘घोरात्, कष्टात्, उद्धर, अस्मान्, नमस्ते’ असं आधी फोडून वाचा, मग जोडा. नाहीतर जीभ अडखळते आणि माणूस ‘माझा उच्चार चुकला म्हणून फळ नाही’ या नव्या काळजीत पडतो. उच्चार सुधारत राहावा, पण त्यासाठी थांबू नये.

---

सातेरीचो_पोरगो | रविवार, रात्री ११:१५

लालबाग-परळातल्या मालवणी घरांत ही गोष्ट अजून जिवंत आहे: गाऱ्हाणं. गणपतीत, होळीला सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण खऱ्या अडचणीच्या वेळी ते घालायचं असतं हे नवी पिढी विसरलीय.

मांडणी अशी. देवापुढे दोन विड्याची पानं, वर एक सुपारी, शेजारी नारळ, शेंडी देवाकडे. घरातला किंवा चाळीतला जाणता माणूस उभा राहतो. ज्याचं संकट आहे त्याने स्वतः बोलायचं नसतं, हा यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग आहे. त्याने फक्त हात जोडून उभं राहायचं. बाकीचे भोवती.

क्रम:
आधी गावच्या देवांची नावं, मानाप्रमाणे. सातेरी, रवळनाथ, गांगो, वेतोबा, ज्याचं जे गाव तसं. मग मुंबईत राहतो त्या जागेचा देव.
मग कुणाचं गाऱ्हाणं ते, नाव घेऊन.
मग अडचण, साध्या शब्दांत.
मग मागणं.
मग ‘काय चुकला-माकला आसात तां पोटात घाल’.
आणि शेवटी, काम झाल्यावर काय करणार ते. नारळ ठेवीन एवढंच पुरे.

नमुना: ‘बा देवा रवळनाथा, आई सातेरी, आज ह्या तुझ्या लेकराच्या घरात आजारपण इलां हा. डॉक्टर आपला काम करतत, त्यांच्या हाताक यश दी. घरातल्यांका दम दी. जी काय इडापीडा आसात ती सात समुद्रापलीकडे घाल रे म्हाराजा.’

प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हे सोडू नका. दहा माणसं एका दमात ‘व्हय’ म्हणतात तेव्हा त्या माणसाची तक्रार त्याच्या एकट्याची राहत नाही.

चुका कुठे होतात: एक, गाऱ्हाण्यात शेजाऱ्याचं नाव घेऊन ‘त्याने करणी केली’ असं बोलतात. हे करू नका, चाळीत पिढ्यांचं वैर होतं. दोन, लांबण. पाच मिनिटांत संपलं पाहिजे. तीन, मोबाइलवर शूटिंग. ज्याचं दुःख आहे त्याचा चेहरा त्यात येतो आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फिरतो.

---

माहीमकर | सोमवार, सकाळी ७:४०

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची (मरियेची) नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, असते. १९४८ पासून चालू आहे. दिवसभर वेगवेगळ्या भाषांत सेवा होतात आणि येणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे असतात. रीत अशी की सलग नऊ बुधवार यायचं. लोक आपली विनंती कागदावर लिहून देतात, आणि विनंत्यांची व आभाराची पत्रं सेवेत वाचली जातात. लिहिताना पूर्ण नाव-पत्ता घालू नका. ‘एका आईची मुलासाठी विनंती’ एवढं पुरतं. पत्र चार-पाच ओळींचं ठेवा. एखादा बुधवार चुकला तर पुढच्या बुधवारी परत या. ती सवय लावण्याची रीत आहे, चुकल्याची शिक्षा नसते.

पण मला मुख्य सांगायचंय ते स्तोत्रसंहितेबद्दल. पवित्र शास्त्रात १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी विलापाची आहेत. कुणालाही, कुठल्याही धर्माच्या माणसाला, प्रार्थनेची बांधणी शिकायची असेल तर १३ वं स्तोत्र घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन तक्रारीच्या, त्यांत ‘कुठवर?’ असा प्रश्न चारदा. मधल्या दोन मागण्याच्या: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांना प्रकाश दे. शेवटच्या दोन भरवशाच्या. आपल्या शब्दांत प्रार्थना लिहायची असेल तर याच मापाने लिहा, दोन-दोन-दोन वाक्यं. तक्रारीची दोन वाक्यं गाळून थेट भरवशावर उडी मारायची नाही. नव्या माणसांचं नेमकं तिथेच चुकतं. मग ती प्रार्थना खोटी वाटते आणि आठवड्यात सुटते.

२२ वं लांब आहे, ‘माझा त्याग का केलास’ या प्रश्नाने सुरू होतं आणि साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, २१ व्या ओवीनंतर, वळतं. ८८ वं वळतच नाही. अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं. ज्यांना भरवशाचे शब्द आत्ता उच्चारताच येत नाहीत त्यांच्यासाठी ते आहे, पण एकट्याने रात्री वाचू नये, सोबत कुणी असावं.

एक तांत्रिक गोष्ट. काही जुन्या कॅथलिक पुस्तकांत क्रमांक एकाने मागे असतात. तिथलं २१ म्हणजे इतरत्रचं २२, १२९ म्हणजे १३०. पहिलं वाक्य जुळवून बघा.

---

अंधेरी_पूर्व | सोमवार, सकाळी ९:०५

सगळ्यांचे आभार. एक व्यावहारिक प्रश्न. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असताना हे मोठ्याने म्हणायचं कुठे? रडायलाही जागा नसते.

---

टाळकरी | सोमवार, दुपारी १:२०

@अंधेरी_पूर्व, जपाचे तीन प्रकार यासाठीच सांगितलेत. वाचिक म्हणजे दुसऱ्याला ऐकू येईल असा. उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही. मानस म्हणजे ओठही हलत नाहीत. खोलीत उपांशु करा. निराशेच्या काळात थेट मानसजपावर जाऊ नका, मन लगेच काळजीत घसरतं. ओठ हलते ठेवा.

माळ: १०८ मणी. मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने ओढायची, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी (माळेच्या टोकाचा वेगळा मणी) ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ही तेरा अक्षरं सावकाश म्हणायला तीन सेकंद लागतात, म्हणजे एक माळ साडेपाच मिनिटांत. लोकलमध्ये माळ काढायचा संकोच वाटत असेल तर बोटांच्या पेरांवर मोजा. अंधेरी ते चर्चगेट धीम्या गाडीने बसायला मिळालं तर पाच-सहा माळा आरामात होतात.

जागेचं म्हणाल तर मंगळवारचं प्रभादेवीचं सिद्धिविनायक मंदिर यासाठी नको. तिथे दर्शन होतं, चांदीच्या उंदराच्या कानात इच्छा सांगता येते, पण बसायला मिळत नाही, रांग पुढे ढकलते. वडाळ्याचं विठ्ठल मंदिर एकादशी सोडून पाहा. भुलेश्वरजवळ माधवबागेतलं लक्ष्मीनारायण मंदिर आवारासकट शांत आहे. दुपारी नैवेद्यानंतर बहुतेक देवळं काही वेळ बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. ज्यांना मूर्ती नको त्यांच्यासाठी गिरगावात प्रार्थना समाज आहे, १८६७ पासूनचा. तुकोबांचे अभंग तिथल्या उपासनेत पहिल्यापासून आहेत.

आणि रडायला देवळाइतकी बिनप्रश्नांची जागा मुंबईत नाही. खांबाला टेकून डोळे पुसणाऱ्या माणसाला कुणी ‘काय झालं’ विचारत नाही.

---

रत्नागिरी_ते_कुर्ला | सोमवार, दुपारी ३:४५

आमच्या कोकणी मुसलमान घरांतलं थोडं लिहितो.

तहज्जुदची (रात्री झोपेतून उठून पढायची) नमाज रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात पढणं सगळ्यात चांगलं. हिशेब बरेच जण चुकवतात. मग़रिबपासून (सूर्यास्ताची नमाज) फजरपर्यंतचा (पहाटेची नमाज) वेळ घ्या, तीनाने भागा. समजा मग़रिब ६:३० आणि फजर ५:३०, म्हणजे ११ तास. तिसरा हिस्सा ३ तास ४० मिनिटं, म्हणजे शेवटचा हिस्सा रात्री १:५० ला सुरू. दोन रकात (नमाजेची आवर्तनं) पुरे. सज्द्यात (कपाळ जमिनीला टेकलेलं) असताना आपल्या गरजा मांडा. दुआ आपल्या बोलीत करायची असेल तर नमाज पुरी झाल्यावर हात उठवून मराठीत, कोकणीत खुशाल करा.

शब्द हवे असतील तर यूनुस अलैहिस्सलामांची, माशाच्या पोटातली दुआ: ‘ला इलाह इल्ला अन्त सुब्हानक इन्नी कुन्तु मिनज़्ज़ालिमीन’ (सूरा अंबिया, २१:८७). त्याच सूऱ्यात, ८३ व्या आयतीत, आजारी अय्यूबांची हाक आहे. त्यात मागणंसुद्धा नाही. मला त्रास झालाय आणि तू सगळ्यांहून दयाळू आहेस, इतकंच.

काय चुकतं: लोक झोप पूर्ण सोडून देतात. तहज्जुदसाठी आधी झोपायचं असतं. इशा (रात्रीची नमाज) पढून दहाला आडवे व्हा. चार-पाच रात्री सलग जागून केलेली इबादत माणसाला हवालदिल करते.

---

परळ_परिचारिका | सोमवार, रात्री ८:३०

हा धागा वाचणाऱ्यांत आजारी आणि खचलेली माणसं असणार, म्हणून हे स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे.

१. उपास आणि गोळ्या. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं की साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं, मग बेशुद्धी. हे ‘अंगात आलं’ समजून अंगारा लावत बसू नका. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा पाजा आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

२. अनवाणी चालत सिद्धिविनायकाला जायचा नवस. मधुमेह्यांच्या तळपायाला संवेदना कमी असते. डांबरावरचा चटका, काच, खिळा कळत नाही आणि जखम चिघळते. असा नवस बोलूच नका. बोलला असाल तर चप्पल घालून जा.

३. मानसिक आजाराच्या गोळ्या ‘आता देवावर सोडलंय’ म्हणून परस्पर बंद करू नका. गोळ्यांनी जपाला बाध येत नाही.

४. पुढची लक्षणं दिसली तर प्रार्थनेच्या जोडीला डॉक्टर लागतोच: दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ असं बोलणं, वस्तू वाटून टाकणं, कागदपत्रं अचानक आवरणं, देव मला अमुक करायला सांगतोय असे आवाज ऐकू येणं, बाळंतपणानंतर बाळाबद्दल भलते विचार. अशा माणसाला सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, गोळ्या, फिनाइल, दोर हाताशी ठेवू नका. टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२.

५. ‘औषध बंद करा, मी उतरवतो’ म्हणणारा कुणीही असो, त्याच्यापासून दूर राहा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप-कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्र-गंडे देणं गुन्हा आहे, तसंच भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणंही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात.

---

नवी_सून | सोमवार, रात्री ९:१५

सुतकात किंवा पाळीत यातलं काय चालतं? घरात मोठी माणसं काहीच करू देत नाहीत. आणि माणूस गेल्यावरच तर देवाशी बोलावंसं वाटतं ना.

---

चाफेकळी | सोमवार, रात्री ९:४०

@नवी_सून ताई, रूढीप्रमाणे सुतकाच्या दहा दिवसांत देव्हाऱ्यातली पूजा, नैवेद्य, देवळात जाणं बंद असतं. नामस्मरणाला आणि मनातल्या प्रार्थनेला बंदी नाही. हरिपाठ, नाम, करुणापर अभंग वारकरी घरांत या दिवसांत आवर्जून म्हणतात. पाळीचंही तेच, नामाला काळवेळ नाही. सासूबाईंशी वाद घालायची गरज नाही. देव्हाऱ्यापासून लांब, खिडकीपाशी बसून म्हणा.

सुतकात घर माणसांनी भरलेलं असतं आणि खरी पोकळी तेराव्यानंतर, पाहुणे गेल्यावर येते. म्हणून दहा दिवसांत लांबलचक पारायणाचा संकल्प करू नका. रोज एकच अभंग, संध्याकाळी ठरलेल्या वेळी, असा धरा की तो तेराव्यानंतरही चालू राहील.

---

सातेरीचो_पोरगो | सोमवार, रात्री १०:०५

नवसावर थोडं, कारण परिचारिकाताईंनी विषय काढलाच आहे. जुने लोक तीन नियम पाळत. दुसऱ्याच्या अंगावर नवस बोलायचा नाही (‘माझा मुलगा अमुक वारी करील’ असं आईने परस्पर ठरवायचं नाही). कर्ज काढावं लागेल असा बोलायचा नाही. आणि मुदत घालून देवाला अडवायचं नाही. फेडणं जमलंच नाही तर नारळ ठेवून तसं देवाला सांगायचं आणि जमेल ते बोलायचं. गाऱ्हाणं परत घालता येतं. ‘नवस राहिला म्हणून हे झालं’ असं आजाऱ्याच्या तोंडावर बोलणाऱ्या नातेवाइकाला मात्र तिथल्या तिथे थांबवा.

---

धम्मदीप | सोमवार, रात्री १०:५०

आमच्या बौद्ध घरांत धावा करायला देव नाही, त्यामुळे वरचं बरंचसं आम्हाला लागू नाही. पण दुःखाच्या वेळी काय म्हणायचं हा प्रश्न आहेच. त्रिशरण-पंचशील झाल्यावर मेत्ता (मैत्री) भावना करतात: आधी स्वतःसाठी, मग जवळच्यांसाठी, मग अनोळखी माणसांसाठी, शेवटी ज्याच्याशी वैर आहे त्याच्यासाठी, की तो सुखी असो, भयमुक्त असो. खचलेल्या माणसाने शेवटच्या पायरीची घाई करू नये. पहिल्या दोन पायऱ्यांवर आठवडे राहिलं तरी चालतं. आणि घरात मिश्र विवाह असेल तर दुःखात असलेल्या माणसाला ‘देव नाहीच’ हे पटवत बसू नये, त्याच्याजवळ बसावं.

---

शिवडीकर | मंगळवार, सकाळी ८:००

धम्मदीप, शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून आभार. जवळ बसणाऱ्याने काय करावं हे राहिलंच होतं.

‘देव परीक्षा बघतो’, ‘जे होतं ते चांगल्यासाठी’, ‘मागच्या जन्मीचं’, ही तीन वाक्यं पूर्ण बंद. दुसऱ्याच्या आर्त प्रार्थनेत दुरुस्त्या करायच्या नाहीत. तो देवाला शिव्या देत असेल तरी नाही, टाळकरींनी जनाबाईचा दाखला दिलाच आहे. तो थांबला की आपण ध्रुपद किंवा ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. रुग्णालयात असाल तर डबा, औषधाची चिठ्ठी, रक्ताची सोय ही कामं न सांगता उचलायची. बाहेरगावच्यांना राहायची अडचण असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करून द्यायची, रुग्णाची कागदपत्रं सोबत ठेवायची.

---

अंधेरी_पूर्व | मंगळवार, रात्री ८:२५

सगळं करूनही काहीच वाटत नाही, नुसतं यांत्रिक चाललंय, असं झालं तर? वाढवायचं की सोडायचं?

---

माहीमकर | मंगळवार, रात्री ९:००

वाढवू नका. कमी करा. नऊ माळा चालू असतील तर एक करा, पण वेळ आणि जागा तीच ठेवा. संकल्पाचा आकडा जितका मोठा तितकी तो मोडल्याची बोच मोठी, आणि खचलेल्या माणसाला आणखी एक अपयश परवडत नाही. काही वाटणं हे प्रार्थना पोचल्याचं माप नाही. ८८ व्या स्तोत्रात शेवटपर्यंत उत्तर येत नाही, तरीही ते प्रार्थनांच्या पुस्तकात ठेवलंय. आणि ही सुन्नता पंधरा दिवसांच्या वर टिकली तर परिचारिकाताईंचा चौथा मुद्दा पुन्हा वाचा.

---

टाळकरी | मंगळवार, रात्री ९:३५

सहमत. एक जोड देतो. एकट्याने यांत्रिक होत असेल तर आठवड्यातून एकदा भजनात जाऊन बसा. परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळीच्या बीडीडी चाळीतून स्थलांतरित झालेल्यांच्या नव्या इमारती, सगळीकडे मंडळं आहेत. बहुतेकांची बैठक एकादशीला किंवा ठरलेल्या वारी रात्री नऊनंतर असते. तोंड उघडलं नाही तरी चालतं. मागे बसा, टाळ मिळाला तर हातात घ्या. बुवांना आधी भेटून ‘करुणेचा एक अभंग घ्याल का’ एवढं सांगितलं तर कुणासाठी, कशासाठी हे कुणीही विचारत नाही. रूपाचे (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारे) अभंग झाले की ते घेतात.

---

नवी_सून | मंगळवार, रात्री १०:१०

चाफेकळीताई, सासऱ्यांना डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांच्यासाठी एका कागदावर काय काय छापून घेऊ?

---

चाफेकळी | मंगळवार, रात्री १०:३०

ए-फोर कागद आडवा धरा, अक्षर २४ पॉइंटचं, ठळक, काळं, पिवळसर कागदावर. एका पानावर नऊ ओळींपेक्षा जास्त नको. वर ‘तुजविण शिण होतो धांव रे धांव आतां’ ही एकच ओळ, तिच्या खाली चार कडव्यांचा ‘कन्या सासुऱ्यासी’. अभंग लिहिताना चरणाचे तुकडे न करता प्रत्येक अर्धं कडवं एका ओळीत ठेवा, नाहीतर नजर ओळ चुकते. लॅमिनेशन चकाकणारं नको, ट्यूबलाइटखाली अक्षर दिसत नाही. त्यापेक्षा जाड कार्डपेपर घ्या. मागच्या बाजूला १४४१६ आणि घरातल्या दोघांचे फोन नंबर, तेवढ्याच मोठ्या आकारात.